सुट्टीवर जाताना दाराशी राहिलेली गाडी

शाळांना उन्हाळी सुट्टी लागण्याचे दिवस जवळ आले की आपल्या घरांतून प्रवासाची बोलणी सुरू होतात. कोणास मुंबई-ठाण्याला लग्नकार्यासाठी जावयाचे असते, कोणास अलिबाग-रेवदंड्याकडील आपले मूळ गाव मुलांना दाखवावयाचे असते, तर कोणी लोद, अश्दोद किंवा दिमोना येथे स्थायिक झालेल्या भावंडांकडे निघालेले असतात. तिकिटे, पासपोर्ट, बॅगांची वजने, प्रत्येक नातेवाइकाकरिता घ्यावयाची भेटवस्तू, या सर्वांचा विचार महिनाभर आधीपासून चालतो. घरातील सर्वांत मौल्यवान वस्तूंपैकी एक मात्र दाराशी उघड्यावर उभी असते आणि तिची आठवण बहुधा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी होते. ही वस्तू म्हणजे आपली मोटारगाडी.

ब्रिटनमध्ये गाडीची चोरी ही काही दुर्मीळ घटना नव्हे. इंग्लंड व वेल्स या दोन प्रदेशांत मार्च २०२४ अखेरच्या एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक मोटारवाहने चोरीस गेल्याची नोंद पोलिसांच्या दप्तरी झाली. आपण चार-सहा आठवडे परदेशी असताना गाडी एकटी राहते, आणि तिच्यावर डोळा ठेवणाऱ्यास जी सवड एरवी मिळत नाही ती या काळात आयती मिळते. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांस वाटले.

गाडीचे मोल

आपल्यापैकी जी मंडळी मुंबईतून येथे आली त्यांच्या लहानपणी स्वतःची मोटार असणे ही गोष्ट चाळीत वा सरकारी क्वार्टर्समध्ये क्वचितच पाहावयास मिळे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट आणि इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबेसिडर, या दोनच गाड्यांनी त्या पिढीचे रस्ते व्यापले होते, आणि त्याही विकत घ्यावयाच्या तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रेल्वे, पोस्ट, लष्कर किंवा रुग्णालयात नोकरी करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी मोटारीचा प्रवास केला तो बहुतेक टॅक्सीतून, आणि तोही लग्नासाठी नाहीतर दवाखान्यासाठी.

या देशात आल्यावर पाळीचे काम करून, ओव्हरटाइमचे पैसे बाजूस टाकून जी पहिली गाडी घेतली गेली, तिचे स्थान घरात निराळेच होते. तिच्यातूनच कुटुंबाने ब्रायटनचा समुद्र पाहिला, मुले विद्यापीठात पोहोचविली आणि हीथ्रोवर उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घरी आणले. अशी एखादी मॉरिस मायनर, रोव्हर किंवा फोर्ड कॉर्टिना आजही काही घरांनी जपून ठेवलेली आहे. दुसऱ्या काही घरांत मुलाने स्वतःच्या कमाईने घेतलेली नवी, महागडी गाडी तितक्याच कौतुकाने दाराशी उभी असते. विमा कंपनी गाडीची बाजारातील किंमत देऊ शकते. वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेले सुकाणूचे चाक मात्र कोणतीही कंपनी परत देऊ शकत नाही. खबरदारीचा सारा खटाटोप या दुसऱ्या किमतीसाठी आहे.

चोर आणि कुलूप यांची जुनी शर्यत

गाडीचोरीचा या देशातील इतिहास पाहिल्यास आजच्या सावधगिरीची कारणे ध्यानात येतात. कायद्याने चोरी ठरण्यासाठी मालकास वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पूर्वी तरुण पोरे गाडी उचलीत, रात्रभर हिंडवीत आणि कोठेतरी सोडून देत. ‘आम्ही ती ठेवून घेणार नव्हतो’ एवढे म्हणताच चोरीचा आरोप लंगडा पडे. म्हणून १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यात संमतीवाचून गाडी नेणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला. १९६८ च्या चोरीविषयक कायद्याच्या बाराव्या कलमात तो आजही कायम आहे. अशा नेलेल्या गाडीने अपघात वा नुकसान झाल्यास अधिक कडक शिक्षा देणारा कायदा १९९२ साली आला.

कुलपांची कथाही अशीच पायरीपायरीने पुढे गेली आहे. १९४० साली जर्मन आक्रमणाची धास्ती होती तेव्हा रस्त्यावर सोडलेली प्रत्येक गाडी निकामी करून ठेवण्याची सक्ती ब्रिटनमधील वाहनचालकांवर होती. डिस्ट्रिब्युटरमधील फिरता रोटर आर्म काढून खिशात टाकला की ठिणगी पुढे जात नाही आणि इंजिन सुरू होत नाही. ही युक्ती जुन्या पेट्रोल गाड्यांना आजही लागू पडते, आणि तिला एक पेनीही खर्च येत नाही.

सुकाणूच्या दांड्यास बसविलेले कुलूप पश्चिम जर्मनीने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नव्या आणि जुन्या अशा सर्वच गाड्यांस सक्तीचे केले आणि तेथील चोऱ्या घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ते केवळ नव्या गाड्यांत बसू लागले. याचा परिणाम काय झाला हे ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. नव्या गाड्यांची चोरी कमी झाली, पण चोर कुलूप नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळले. जुनी गाडी जपणाऱ्या आमच्या वाचकांनी हा निष्कर्ष मनावर कोरून ठेवावा. शेजारच्याने नवे कुलूप लावले की आपले दार आपोआप अधिक मोहक होते.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या देशातील गाडीचोरी शिगेस पोहोचली आणि वर्षाकाठी पाच लाखांहून अधिक गाड्या जाऊ लागल्या. पुढे ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर बंधनकारक झाला. किल्लीच्या मुठीत दडविलेल्या चिपची ओळख पटल्यावाचून इंजिन सुरूच होईना, आणि तारा जुळवून गाडी पळविणाऱ्यांचा धंदा बसला. दोन दशके आकडे उतरत राहिले. त्यानंतर बिनकिल्लीच्या गाड्या आल्या आणि शर्यतीने पुन्हा वळण घेतले.

किल्ली दिवाणखान्यात, गाडी परगावात

नव्या गाडीची किल्ली खिशात असली की दार उघडते आणि बटण दाबताच इंजिन सुरू होते. गाडी व किल्ली यांच्यात हलक्या रेडिओलहरींचे संभाषण चालते आणि ते जवळच्या अंतरापुरतेच असते. चोर हे अंतर फसवितात. एकजण घराच्या दाराशी वा खिडकीपाशी उपकरण घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. पहिल्याचे उपकरण गाडीची हाक आत ठेवलेल्या किल्लीपर्यंत पोहोचविते व किल्लीचे उत्तर दुसऱ्याकडे धाडते. किल्ली शेजारीच आहे असे समजून गाडी दार उघडते. काच फुटत नाही आणि कुलूपही मोडत नाही. अशा चोरीचे कॅमेऱ्यात सापडलेले चित्रण वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१७ साली लोकांस दाखविले, तेव्हा गाडी जाण्यास एखाद-दुसरे मिनिट पुरते हे सर्वांना दिसले.

यावर उपाय सोपा आहे. लंडनमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली धातूच्या पिंजऱ्याचा जो गुण दाखवून दिला, त्याच तत्त्वावर बनविलेल्या लहान पिशव्या बाजारात मिळतात. किल्ली तीत बंद केली की लहरी अडतात. पिशवी आणल्यावर किल्ली आत घालून गाडीजवळ जावे आणि दाराची मूठ ओढून पाहावी. दार उघडल्यास ती पिशवी निरुपयोगी समजावी. वापरून वापरून आतील अस्तर फाटते, म्हणून ही परीक्षा प्रत्येक प्रवासापूर्वी नव्याने घ्यावी. काही गाड्यांत बिनकिल्लीची सोय बंद करता येते, तर काही नव्या किल्ल्या हालचाल थांबताच झोपी जातात. आपल्या गाडीत काय आहे हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

या पिशवीने सर्व धोका टळतो असे मात्र कोणी समजू नये. सायबर सुरक्षेचे संशोधक इयान टेबर यांची स्वतःची टोयोटा गाडी २०२२ साली लंडनमधून चोरीस गेली. त्यांनी व त्यांचे सहकारी केन टिंडेल यांनी शोध घेऊन २०२३ साली जगापुढे मांडले की चोरांनी पुढच्या दिव्याजवळील तारांत आपले उपकरण जोडले आणि गाडीच्या अंतर्गत जाळ्यात ‘किल्ली मान्य आहे’ असा खोटा संदेश घुसविला. येथे किल्लीचा संबंधच आला नाही. जग्वार लँड रोव्हर कंपनीनेही २०२३ साली आपल्या जुन्या गाड्यांच्या सुरक्षेत सुधारणा करण्यासाठी एक कोटी पौंड खर्चण्याचे जाहीर केले. अशा उपकरणांची बाळगणूक व विक्री हाच गुन्हा ठरवून पाच वर्षांपर्यंत कैद देण्याची तरतूद असलेले विधेयक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पार्लमेंटात मांडले. कायदे होतील आणि कंपन्या सुधारणाही करतील. तोवर दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा भार मालकावरच आहे.

कुलपाचे खरे काम

कोणतेही कुलूप अखेर तुटते. मग ते लावावे कशासाठी? कुलूप वेळ विकत घेते. दोन मिनिटांचे काम दहा मिनिटांचे झाले, त्यात करवतीचा आवाज आणि ठिणग्यांचा उजेड आला, की चोरास पकडले जाण्याची भीती वाटू लागते. पण ही भीती कोणाची? ऐकणाऱ्याची. ऐकणाराच नसेल तर दहा मिनिटेही त्यास सोयीचीच.

कोकणातील आपल्या जुन्या घरांत ओटीवर कोणी ना कोणी बसलेले असे. आजी शेंगा निवडीत असावयाची आणि वाडीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होई. ओटी हेच त्या घराचे मोठे कुलूप होते. येथे आपण सहकुटुंब निघून जातो तेव्हा घराची ओटी रिकामी होते, आणि त्याहून विशेष असे की गाडी नाहीशी झाली तरी कोणास संशय येत नाही. आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या बाबतीत असेच घडले. मंडळी लग्नासाठी सहा आठवडे मुंबईस गेली होती. दुसऱ्याच आठवड्यात दारातील गाडी गेली. शेजाऱ्यांनी मोकळी जागा पाहिली आणि मंडळी गाडी घेऊनच विमानतळावर गेली असावीत असे समजून ते स्वस्थ बसले. शेजारी भले होते, लक्ष ठेवणारेही होते. त्यांना ठाऊक नव्हते ते इतकेच की गाडी तेथेच असावयास हवी होती. तक्रार नोंदली गेली ती महिन्यानंतर, आणि तोवर गाडीचा माग पुसला गेला होता.

म्हणून सुट्टीपूर्वीची पहिली तजवीज बाजारात मिळत नाही, ती शेजारच्या दारी मिळते. विश्वासू शेजाऱ्यास स्पष्ट सांगावे की गाडी अमुक तारखेपर्यंत येथेच राहील, तिला कोणीही नेणार नाही, गॅरेजवालाही नाही. ती हलविताना कोणी दिसले तर तत्काळ ९९९ वर पोलिसांस कळवावे, आणि जागा रिकामी दिसली तर आम्हांस फोन करावा. शेजाऱ्याची दुसरी गाडी असल्यास ती आपल्या गाडीच्या आड उभी करण्याची विनंती करावी. त्यायोगे आपली गाडी अडते आणि घरात वर्दळ असल्याचाही भास होतो. चेशर परगण्यातील मॉलिंग्टन या खेड्यात १९८२ साली ब्रिटनमधील पहिली शेजार-पहारा योजना सुरू झाली, ती याच साध्या तत्त्वावर. आपल्या गल्लीत अशी योजना असल्यास तिचे सदस्य व्हावे. परतताना मुंबईहून आणलेला चिवडा आणि हलवा या पहाऱ्याचे मोल पुरेपूर चुकवितो, हा आमचा अनुभव आहे.

त्याचबरोबर आपण गावी नसल्याची जाहिरात टाळावी. पूर्वी दारात साठलेल्या दुधाच्या बाटल्या चोरास बातमी देत. आज ते काम आपल्या हातातील फोन करतो. समुद्रकिनाऱ्यावरील छायाचित्रे परतल्यावर दाखविली तरी त्यांची गोडी कमी होत नाही. मुलांनाही हे प्रेमाने समजावून सांगावे. आपल्या जुन्या गाडीचे कौतुक करणारे छायाचित्र प्रसिद्ध करताना घराचा क्रमांक, गल्लीचे नाव आणि नंबरप्लेट झाकावी.

दारातील बंदोबस्त

गॅरेज असल्यास जपावयाची गाडी आत आणि रोजची गाडी तिच्या दारापुढे, अशी योजना करावी. गॅरेजच्या वर-खाली होणाऱ्या पत्र्याच्या दाराचे मूळ कुलूप दुबळे असते, म्हणून त्यास बाहेरून जमिनीशी जखडणारे कुलूप जोडावे. उघड्यावर गाडी ठेवणे भाग असेल तर सुकाणूच्या चाकास पूर्ण झाकणारे लोखंडी कुलूप आणि एका चाकास जखडण, अशी दोन दिसणारी कुलुपे असावीत. घेताना ‘थॅचम’ किंवा ‘सोल्ड सिक्युअर’ यांची मान्यता आहे का ते पाहावे. थॅचम हे विमा कंपन्यांनी १९६९ साली बर्कशरमध्ये स्थापिलेले संशोधन केंद्र आहे. सोल्ड सिक्युअरची सुरुवात १९९२ साली नॉर्थम्ब्रिया व एसेक्स येथील पोलिसांच्या पुढाकाराने झाली. या संस्था कुलुपे स्वतः फोडून पाहून त्यांची प्रत ठरवितात.

दिसणाऱ्या कुलपांच्या जोडीस एक न दिसणारे असावे. जुन्या गाडीत इंधनपंपाची वा इग्निशनची तार तोडणारे गुप्त बटण चांगला मेकॅनिक थोड्या खर्चात बसवून देतो. नव्या गाड्यांत असा इमोबिलायझर मिळतो की दारावरील वा सुकाणूवरील बटणे ठरावीक क्रमाने दाबल्यावाचून गाडी पुढे जात नाही. अशी कोणतीही नवी जोडणी केल्यास ती विमा कंपनीस अवश्य कळवावी.

किल्ल्यांचा प्रश्न उरतो. घर फोडून किल्ली नेणे हाही गाडीचोरीचा प्रचलित मार्ग आहे, आणि रिकाम्या घरात शोधास भरपूर वेळ असतो. म्हणून गाडीच्या दोन्ही किल्ल्या घरात ठेवू नयेत. एक आपल्याबरोबर न्यावी, दुसरी अन्यत्र राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे द्यावी. त्या किल्लीवर नाव-पत्त्याची चिठ्ठी लावू नये. दोन्ही सांभाळण्याचे आणखी एक कारण असे की दाव्याच्या वेळी विमा कंपन्या सामान्यतः दोन्ही किल्ल्या मागतात.

बॅटरी मेली की पहारेकरी झोपला

अलार्म असो, इमोबिलायझरचे दिवे असोत की गाडीचा ठावठिकाणा सांगणारा ट्रॅकर असो, सर्वांचा प्राण बॅटरीत आहे. उभ्या गाडीतही घड्याळ, संगणक व अलार्म थोडी थोडी वीज खात असतात. महिना-दीड महिना गाडी न चालविल्यास, विशेषतः बॅटरी जुनी असेल तर, ती पूर्ण उतरू शकते. मग भोंगा वाजत नाही आणि ट्रॅकर मुका होतो. काहीजण जाताना बॅटरीची तार काढून ठेवतात. त्यामुळे बॅटरी वाचते, पण अलार्मही बंद पडतो, त्याच्या भोंग्यात स्वतःची वेगळी बॅटरी नसेल तर. गॅरेजमध्ये वीज असल्यास आपोआप चालू-बंद होणारा बॅटरी राखणारा चार्जर जोडून जावे. तशी सोय नसल्यास निघण्यापूर्वी बॅटरीची तपासणी करून घ्यावी, आणि संशयास्पद वाटल्यास नवी बसवावी. जुन्या गाडीचा हँडब्रेक अनेक आठवडे ओढलेला राहिल्यास चिकटतो. सपाट जागी, बंद गॅरेजमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांस अडसर लावणे हिताचे.

विमानतळावर सोडलेली गाडी

काही कुटुंबे गाडी विमानतळावर सोडून जातात. तेथे दारातून किल्ली घेऊन गाडी परस्पर पार्क करून देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. त्यांतील पुष्कळ चोख काम करतात, पण काहींनी ग्राहकांच्या गाड्या चिखलाच्या शेतात उभ्या केल्याच्या किंवा खुशाल वापरल्याच्या तक्रारी गॅटविक आणि मँचेस्टर या विमानतळांभोवती वारंवार झाल्या आहेत. स्वस्त दर पाहून भुलू नये. गाडी नेमकी कोठे राहील, किल्ल्या कोठे राहतील, आणि कंपनीचा विमा कशास लागू आहे, हे लेखी विचारावे. ‘पार्क मार्क’ हे पोलिसांच्या निकषांनुसार दिले जाणारे चिन्ह गाडी प्रत्यक्ष उभी राहणाऱ्या जागेस मिळालेले आहे का, ते पाहावे. केवळ कार्यालयाच्या भिंतीवरील चित्रावर विसंबू नये. सोपविताना गाडीची चहूबाजूंनी आणि मैल दाखविणाऱ्या काट्याची छायाचित्रे घ्यावीत. किल्लीच्या जुडग्यातून घराची किल्ली काढून घ्यावी. ती राहिल्यास आपण गावी नसल्याची तारीख आणि घरात शिरण्याचे साधन, दोन्ही एकाच अनोळखी हाती दिल्यासारखे होते.

१० ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ल्यूटन विमानतळावरील बहुमजली वाहनतळास आग लागली आणि तेराशेहून अधिक गाड्या नष्ट झाल्या. ती चोरी नव्हती, पण परदेशी असलेल्या हजारो लोकांना त्या रात्री एकच प्रश्न पडला असेल: आमची विम्याची कागदपत्रे कोठे आहेत? त्यांची प्रत आपल्याजवळ असावी, गाडीत कदापि नसावी.

विमा आणि कागद

गाडीचे नोंदणीपत्र, म्हणजे स्वान्सी येथील परिवहन कार्यालयाचे लॉगबुक, गाडीच्या कप्प्यात ठेवण्याची सवय अनेकांस आहे. ती मोडावी. हा कागद हाती आल्यास चोरास गाडी विकणे सोपे जाते.

विम्याच्या करारातील बारीक अक्षरे निघण्यापूर्वी एकदा वाचावीत. गाडी रात्री गॅरेजमध्ये असते असे आपण लिहून दिले असेल, तर ती दारात राहिल्यास दावा अडू शकतो. जुन्या, जपलेल्या गाडीसाठी ‘मान्य मूल्य’ असलेला करार घ्यावा. त्यात छायाचित्रे व तज्ज्ञाचा अभिप्राय पाहून रक्कम आधीच ठरते. साध्या करारात बाजारभावावर वाद होतो, आणि पन्नास वर्षांच्या गाडीचा बाजारभाव कोणी कसाही लावतो. गाडी महिना-दोन महिने उभीच राहणार म्हणून ती रस्त्याबाहेर असल्याचे जाहीर करून कर वाचविण्याचा विचार काहीजण करतात. तसे करण्यास हरकत नाही, मात्र ती सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही, आणि त्याबरोबर विमाही बंद केल्यास चोरीची भरपाई मिळत नाही. उभ्या गाडीसाठी आग व चोरीपुरता विमा मिळतो, त्याची चौकशी करावी. घराच्या विम्याकडेही लक्ष द्यावे. घर सलग ३० किंवा ६० दिवसांहून अधिक रिकामे राहिल्यास संरक्षण कमी करणारी अट बहुतेक करारांत असते, आणि मुंबईची आपली सुट्टी ती मर्यादा सहज ओलांडते.

अट्ठावीस वर्षांनी सापडलेली फेरारी

कागद व क्रमांक यांचे महत्त्व पटविणारी एक खरी घटना सांगतो. एप्रिल १९९५ मध्ये इटलीतील इमोला येथे मोटारशर्यतीसाठी गेलेल्या नामांकित चालकांच्या दोन फेरारी गाड्या चोरीस गेल्या. त्यांतील लाल रंगाची गाडी गेरहार्ड बर्गर यांची होती. पुढे ती जपानला गेली आणि २०२३ साली ब्रिटनमध्ये आली. अमेरिकेतील एक ग्राहक ब्रिटिश दलालामार्फत ती विकत घेत असता फेरारी कंपनीने तिच्या क्रमांकाची तपासणी केली आणि ती चोरीची असल्याचे उघड झाले. लंडनच्या महानगर पोलिसांनी चार दिवस चौकशी करून गाडी ताब्यात घेतली आणि मार्च २०२४ मध्ये हे वृत्त जाहीर केले. तिची किंमत सुमारे साडेतीन लाख पौंड सांगण्यात आली. एवढ्या वर्षांत मालक बदलले, देश बदलले, पण सांगाड्यावरील क्रमांक बदलला नाही, आणि तो कोणीतरी नोंदवून ठेवला होता.

आपल्या गाडीचाही असा जन्मक्रमांक आहे. तो लिहून ठेवावा, काचांवर कोरून घ्यावा. गाडीवरील प्रत्येक ओरखडा, दुरुस्ती व खूण यांची छायाचित्रे काढावीत. आज चोरीच्या गाड्या कंटेनरमध्ये भरून फेलिक्स्टो व साउदॅम्प्टनसारख्या बंदरांतून परदेशी धाडल्या जातात, आणि तेथे तपासणी करणाऱ्या पोलिस पथकांना ओळख पटविण्यासाठी अशाच खुणा उपयोगी पडतात.

एवढे करूनही अघटित घडलेच, तर वेळ दवडू नये. परदेशातून १०१ या क्रमांकावर विसंबता येत नाही, म्हणून आपल्या विभागातील पोलिसांचा पूर्ण क्रमांक जवळ असावा, किंवा शेजाऱ्याने तक्रार नोंदवावी. पोलिसांकडून मिळालेला गुन्ह्याचा नोंदक्रमांक विमा कंपनीस कळवावा. गाडीत ट्रॅकर असल्यास त्या कंपनीस त्याच क्षणी फोन करावा. गाडी कोठे आहे हे स्वतःच्या फोनवर दिसत असले तरी मुलांना वा पुतण्यांना ती आणावयास धाडू नये. ते काम पोलिसांचे आहे, आणि कोणतीही गाडी घरच्या पोराहून मोलाची नाही.

ही सर्व यादी वाचून कोणास सुट्टीचा आनंदच नको असे वाटू नये. यांतील बहुतेक कामे एका शनिवारच्या रात्रीत आणि रविवारच्या सकाळीत आटोपणारी आहेत. किल्ली पिशवीत, कुलूप चाकास, क्रमांक वहीत, आणि शब्द शेजाऱ्याच्या कानात, एवढे झाले की मन मोकळे करून निघावे. अलिबागच्या किनाऱ्यावर नातवंडांस वाळूत खेळताना पाहावे, आणि घरच्या गाडीची आठवण झालीच तर ती काळजीने नव्हे, प्रेमाने व्हावी. आमच्या सर्व वाचकांचा प्रवास सुखरूप होवो.